‘आमचे दोन कोयते’ म्हणजे माणसं किती?

प्रश्न असा आहे: ऊसतोडीच्या तळावर वाढलेल्यांच्या आठवणींत ‘दसरा झाला की आमच्या घरातनं दोन कोयते निघायचे’, ‘आई आजारी पडली अन् आमचा अर्धाच कोयता राहिला’ अशी वाक्यं येतात. कोयता हे हत्यार. ते अर्धं कसं होईल?

इथं कोयता हे हत्यार नसून मोजमाप आहे. ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा पुरुष किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. त्यामुळे ‘दोन कोयते’ म्हणजे चार माणसं, बहुधा आई-बाप आणि थोरला भाऊ-भावजय. ‘बारा कोयत्यांची टोळी’ म्हणजे चोवीस कामकरी. फडात दोघांच्या हातांत दोन कोयते असतात, तरी मुकादमाच्या, म्हणजे टोळी जमवून कामाला नेणाऱ्याच्या वहीत तो एकच कोयता.

मराठीला ही मोजणी नवी नाही. गाव शंभर उंबऱ्यांचं असतं, तिथं उंबरा म्हणजे घर. ‘चार औतांचा शेतकरी’ म्हणताना एका औतामागे बैलांची जोडी गृहीत असते. मला कोयत्याचं सगळ्यात जवळचं नातं या औताशी वाटतं. दोन्हीकडं अवजाराचं नाव घेतलं जातं आणि मोजली जाते ती जोडी. औताच्या बाबतीत जोडी बैलांची असते, कोयत्याच्या बाबतीत माणसांची. जुन्या कोशांत हा अर्थ शोधू नये. तो साखर कारखानदारीबरोबर आला. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०च्या सुमारास सुरू झाला, पुढं पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढले आणि बीड, नगरच्या कोरडवाहू भागांतली माणसं हंगामापुरती तिकडं जाऊ लागली. त्यांच्या बोलीत आणि मुकादमाच्या हिशेबात हा शब्द रुजला.

एकक जोडीचं का, ते कामाकडं पाहिलं की कळतं. ऊस जमिनीलगत छाटायचा, कारण बुडख्याच्या कांड्यांत साखर जास्त. वर धस, म्हणजे बुडख्याचा तुकडा राहिला तर वजन जातं आणि खोडव्याचे (त्याच बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या उसाचे) फुटवे वरून, कमजोर येतात. मग पाचट सोलायचं, शेंड्याचं वाढं तोडायचं. वाढं उसासोबत गेलं तर कोवळ्या कांड्यांमुळं उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण घटतं. मागून दुसऱ्या माणसानं ऊस गोळा करून वाढ्याच्याच बंधानं मोळी बांधायची. शेवटी तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला गेला नाही तर वजन आणि साखर दोन्ही घटतात, म्हणून गाडी आली की रात्र असली तरी भरणी करावी लागते. एकट्यानं तोडणी, बांधणी, भरणी हे चक्र फिरत नाही. साधारण जोडीची दिवसाची तोड दीड-दोन टन पडते आणि पैसे टनावर मिळतात. मजुरी अशी जोडीच्या नावावर येत असल्यानं बाईचा स्वतःचा पगार कागदावर कुठंच दिसत नाही.

हंगामाआधी मुकादम देतो ती ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कमसुद्धा कोयत्यावर ठरते. पुऱ्या कोयत्याला पुरी, अर्ध्याला त्या मानानं कमी. पोरापोरींची लग्नं हंगामाच्या तोंडावर, कमी वयात उरकण्यामागचं एक कारण हेच: लग्न झालं की अर्ध्याचा पुरा कोयता होतो. कामावर न गेलेला दिवस म्हणजे ‘खाडा’. त्याचे पैसे कापले जातात आणि एकजण पडला तरी दोघांची तोड घटते. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा गर्भाशय काढलेल्या तेरा हजारांहून जास्त बाया आढळल्या. त्या आकड्यामागच्या कारणांत पाळीच्या त्रासानं पडणाऱ्या खाड्याची भीतीही होती. म्हणून ‘अर्धा कोयता’ वाचताना त्याचा अर्थ ‘कमी माणसं’ एवढाच घेऊ नये. घराची उचल, मजुरी आणि टोळीतली जागा, तिन्ही त्यात एकदम घटलेली असतात.

या मोजणीत मूल कुठंच नसतं. पहाटे कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत धाकट्याला सांभाळणारी, फडात वाढी गोळा करणारी, बंध वळणारी दहा-बारा वर्षांची मुलगी ना पुरा कोयता, ना अर्धा. जनावरांच्या चाऱ्यासाठी वाढी विकून आठवड्याच्या बाजाराचे पैसे सुटतात, ते पुष्कळदा या पोरांच्याच हातचं काम असतं. आठवणी लिहिणारा ‘आमचे दोन कोयते’ म्हणतो तेव्हा घरातली माणसं सहा-सात असू शकतात.

वापराबद्दल थोडं. या अर्थीही शब्द पुल्लिंगीच: एक कोयता, दोन कोयते, बारा कोयत्यांची टोळी. ‘कोयता बंद’ म्हणजे तोडणी थांबवून केलेला संप. पुण्याच्या बातम्यांतल्या ‘कोयता गँग’चा या मोजमापाशी संबंध नाही, तिथं कोयता हत्यारच आहे. आठवणींचं संपादन करणाऱ्यांना माझी विनंती आहे की ‘दोन कोयते’च्या जागी ‘दोन मजूर’ घालू नका. माणसं निम्मी होतात.