किटेंगेलाचे पाणी

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त केनियातील किटेंगेला येथे राहतो. राजधानी नैरोबी शेजारी असूनही तेथे पाणी विकत का घ्यावे लागते? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आपल्या चिरंजिवांचे गाव नैरोबीत नव्हे, तर काजियाडो काउंटीत मोडते. मसाई पशुपालकांची सामायिक कुरणे वाटली जाऊन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, तेव्हा घरे आधी उभी राहिली आणि नळ व गटारे मागे पडली. म्हणून कूपनलिका, गच्चीवरची टाकी आणि टँकर यांवरच भिस्त असते (गोव्यातील पर्वरीकरांना हे नवे नाही). पण आमच्या मते याहून मोठे नुकसान या तुकड्यांभोवतीच्या कुंपणांमुळे वन्यप्राण्यांचे झाले आहे : 1946 साली स्थापन झालेल्या नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या खुल्या दक्षिण सीमेवरून झेब्रे पावसाळ्यात अथी-कापिती पठाराकडे जात, आणि त्यांची ती वाट आता भिंती व काटेरी तारा अडवत आहेत.