वाचकांचे प्रश्न : सिरियल बिनचूक, मग घड्याळ मागे का?

प्रश्न : शेतातील पंप ठरावीक वेळी चालू-बंद करण्यासाठी मी अ‍ॅटमेगा328पी ही मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम चालवणारी छोटी) चिप बाहेरचा क्रिस्टल (ठोके देणारा स्फटिक) न जोडता आतल्या 8 मेगाहर्ट्‌झच्या ऑसिलेटरवर (ठोके देणाऱ्या मंडलावर) चालवली आहे. संगणकाशी 9600 बॉडने (सेकंदाला 9600 बिट) होणारी सिरियल देवाणघेवाण बिनचूक आहे, तरीही घड्याळ दिवसाला सुमारे 20 मिनिटे मागे पडते. ऑसिलेटर कॅलिब्रेट करून, म्हणजे त्याची गती जुळवून, हे सुधारेल का?

उत्तर : काही अंशी सुधारेल, पण पुरेसे नाही. दिवसाच्या 1440 मिनिटांत 20 मिनिटे म्हणजे जेमतेम 1.4 टक्के फरक. हा ऑसिलेटर रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्यावर चालतो आणि कारखान्यातून येताना 3 व्होल्ट व 25 अंश सेल्सिअसला त्याची अचूकता 10 टक्क्यांच्या आत असेल, एवढेच उत्पादक सांगतो. त्या मानाने आपली चिप गुणीच म्हणायची. सिरियलमध्ये प्रत्येक बाइटच्या आरंभी येणाऱ्या स्टार्ट बिटपासून मोजणी नव्याने सुरू होत असल्यामुळे दीड-दोन टक्क्यांची चूक खपून जाते, घड्याळात मात्र ती दिवसभर साठत राहते.

कॅलिब्रेशनसाठी 32.768 किलोहर्ट्‌झचा घड्याळी क्रिस्टल 9 आणि 10 क्रमांकांच्या पिनांना जोडून टायमर2 (चिपमधला ठोके मोजणारा गणक) त्यावर चालवावा. आतला ऑसिलेटर वापरात असल्यामुळे या पिना मोकळ्याच असतात. क्रिस्टल स्थिरावण्यासाठी सुरुवातीला किमान एक सेकंद थांबावे. नंतर त्याची 256 स्पंदने होईपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या 128व्या भागात, टायमर1 या दुसऱ्या गणकाने मुख्य क्लॉकचे, म्हणजे आतल्या ऑसिलेटरचे, ठोके मोजावेत. बरोबर 8 मेगाहर्ट्‌झला 62,500 हा आकडा यायला हवा. आपल्याकडे तो 61,630च्या आसपास येईल. तो जुळेपर्यंत ऑसकॅल या (ऑसिलेटरची गती ठरवणाऱ्या) रजिस्टरची किंमत एकेका अंकाने वाढवावी, मात्र 127वरून 128वर जाताना वारंवारता वाढण्याऐवजी खाली येते, कारण तिथे वारंवारतेची दुसरी पट्टी सुरू होते. रीसेटनंतर रजिस्टरमध्ये कारखान्याचीच किंमत परत येत असल्याने आपली किंमत ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) ठेवून प्रोग्रामच्या आरंभी ती रजिस्टरमध्ये भरावी लागते.

एवढे करूनही एका अंकाने वारंवारता साधारण अर्ध्या टक्क्याने बदलत असल्याने पाव टक्का चूक उरू शकते, आणि पाव टक्का म्हणजे दिवसाला साडेतीन मिनिटे. शिवाय दुपारच्या उन्हात पंपाच्या पेटीचे तापमान चढले, की सकाळी जुळवलेला आकडा पुन्हा सरकतो.

म्हणून माझा सल्ला असा, की मोजमापासाठी आणलेला क्रिस्टल काढूच नये. टायमर2ला 128चा प्रीस्केलर (ठोक्यांना 128ने भागणारा टप्पा) लावला, की तो दर सेकंदाला एकदा ओव्हरफ्लो होतो, म्हणजे भरून पुन्हा शून्यावर येतो. वेळ त्यावरूनच मोजावी. 20 पीपीएमचा (दहा लाखांत 20 एवढीच चूक असणारा) साधा क्रिस्टल दिवसाला दोन सेकंदांच्या आत राहतो, आणि मग पंपापुरते कॅलिब्रेशन केले नाही तरी चालते. वीज गेल्यावर घड्याळ पुन्हा लावण्याची कटकट नको असेल, तर नाण्याएवढ्या बॅटरीवर वेळ राखणारी डीएस3231 ही घड्याळाची वेगळी चिप जोडावी.