दोन जातींचे घोडे क्रॉस केले की लगेच नवीन जात तयार होते का?
नाही हो, एवढं सोपं असतं तर काय! अरबी घोडा आणि गावठी तट्टाची घोडी यांचं जे शिंगरू होतं ते नुसतं क्रॉस, जात नाही. त्याची पुढची पिल्लं कोणावर जातील काही भरवसा नसतो, एक उंच तर दुसरं बुटकं. म्हणून हवे ते गुण असलेलीच जनावरं निवडून पुन्हा आपसात लावायची, नको ती बाजूला काढायची, असं पिढ्यानपिढ्या चालतं, आणि घोडी ११ महिने गाभण, शिंगरू वयात यायला ३-४ वर्षं, म्हणजे एका माणसाचं आयुष्य सहज जातं यात.

आपल्या पुण्याच्या रेसकोर्सवर पळतात ते थरोब्रेड घ्या ना. इंग्लंडमधल्या घोड्या आणि बाहेरून आणलेले बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन हे तीन घोडे, आजच्या सगळ्या थरोब्रेडची बापाकडची वंशावळ या तिघांपाशीच जाते. त्यांची वंशावळीची वही, म्हणजे स्टडबुक, १७९१ साली छापली गेली, आणि माझ्या मते खरी जात ठरते ती अशा नोंदींमुळेच.

आपला भीमथडी घोडाही मिश्रणातूनच आलाय, अरबी-तुर्की रक्त आणि दख्खनची तट्टं. मराठ्यांच्या फौजेत हेच असायचे, दिसायला लहान पण काटक.

आणि खेचराचं विचाराल तर ती जात नव्हेच, घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, त्यामुळे खेचराला ६३ येतात आणि पुढे वंश जवळजवळ चालतच नाही.