पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र: सुरुवात कुठून करशील

बीएस्सीच्या पहिल्या वर्षातच हा विषय मनापासून शिकावासा वाटतोय आणि सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस, हे वाचून फार बरं वाटलं. सध्या तीनच गोष्टी धर.

१. आकारमान डोक्यात बसव. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर, प्रथिनं बनवणारा रायबोसोम साधारण २५ नॅनोमीटर, ई. कोलाय जिवाणू सुमारे २ मायक्रोमीटर लांब, आपल्या बऱ्याचशा पेशी १० ते २० मायक्रोमीटर. आकृत्यांत सगळं एकाच मापाचं दिसतं, गोंधळ तिथेच सुरू होतो.

२. डीएनए ते आरएनए ते प्रथिन हा प्रवास न बघता कागदावर काढता आला पाहिजे, ५′ आणि ३′ (साखळीच्या दोन वेगळ्या टोकांची नावं) टोकांसकट. टोकं लिहायचा कंटाळा करू नकोस. पुढे प्रायमर (डीएनएची नक्कल जिथून सुरू होते तो छोटा तुकडा) शिकताना अनेकांचं घोडं इथेच अडतं.

३. निष्कर्षाआधी प्रयोग वाच. डीएनएची नक्कल कशी होते हे दाखवणारा मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८ चा प्रयोग घे. जड नायट्रोजनवर वाढवलेले जिवाणू हलक्या नायट्रोजनमध्ये टाकले, डीएनए घनतेनुसार वेगळा केला, तर एका पिढीनंतर त्याचा पट्टा जड आणि हलक्याच्या बरोबर मधोमध आला. दुसऱ्या पिढीनंतर काय दिसेल, ते उत्तर बघण्याआधी स्वतः काढ. अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल.

पेशीअंगकांची नावं-कार्यं तक्त्यासारखी पाठ करू नकोस. त्यापेक्षा इन्सुलिनचा एक रेणू कुठे बनतो, कोणत्या वाटेने पेशीबाहेर पडतो, ते शोध. आणि हो, चेतापेशीत आणि यकृताच्या पेशीत जनुकं वेगळी नसतात. चालू कोणती, हे वेगळं असतं.

क्रिस्पर (जनुकं कापून बदलण्याचं तंत्र) वगैरे नंतर. रसायनशास्त्र कच्चं असेल तर मात्र डीएनएच्या दोन साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध आधी समजून घे. अडलं तर बिनधास्त विचार.