अलाइनमेंट केली (चाकांचे कोन जुळवून घेतले), तरी स्टेअरिंग तिरपंच?

भाऊ, आधी एक सांग: गाडी एका बाजूला ओढते, की सरळच जाते अन् फक्त स्टेअरिंग तिरपं दिसते? दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

ओढत असेल तर पहिले टायर थंड असताना हवा पाहजो. मग पुढची दोन चाकं आपसात बदल. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नको.) अन् तपासणी गावच्या रस्त्यावर नको रे बाप्पा! पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असते, गाडी थोडी डावीकडे जाणारच. नागपूर-तुळजापूर हायवेवर सपाट पट्टा पाहून चालव.

गाडी सरळ जात असेल तर अलाइनमेंटवाल्यानं काम करताना स्टेअरिंग मधोमध लॉक केलंच नसेल. परत त्याच्याकडेच जा. दोन्ही टाय रॉड (स्टेअरिंगपासून चाकापर्यंतचे, चाकं वळवणारे दांडे) सारख्याच मापानं फिरवायचे, एक जेवढा लांब, दुसरा तेवढाच आखूड. म्हणजे टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) बिघडत नाही. काम झाल्यावर कोनांच्या मापाचं प्रिंटआउट माग.

कोणी म्हणेल, "स्टेअरिंग काढून सरळ बसवून देतो." हो म्हणू नको. तिथं एअरबॅगची वायर असते, अन् चुकीचं जुळलेलं तसंच राहते.

माझ्या गाडीत तर टाय रॉड एंडच (त्या दांड्याच्या टोकाचा सांधा) ढिला निघाला. काळ्या मातीतल्या पांदणीची कृपा! दोनदा अलाइनमेंटचे पैसे गेले, मग कळलं. म्हणून आधी चाक उचलून डावी-उजवीकडे हलवून पाहजो.