शब्द निवडताना : वाचकांची पत्रे, ताईंची उत्तरे

ताई, गेल्या जानेवारीत संकल्पांची यादी न करता मी वर्षासाठी एकच शब्द निवडला : ‘संयम’. मोबाइलच्या पडद्यावर लावला, आरशावर चिकटवला. मार्चपर्यंत तो डोळ्यांना दिसेनासाच झाला. संध्याकाळी कामावरून घरात पाऊल टाकते, तोच मुलगी एकामागून एक काही सांगू लागते आणि माझा आवाज चढतो. रात्री तो शब्द बघून आणखी अपराधी वाटतं. यंदा कोणता शब्द घेऊ? (वय ४१)

तुमच्या पत्रातलं रात्रीच्या अपराधीपणाचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. जो शब्द दिवसभर काही सुचवत नाही आणि रात्री मात्र हिशेब मागतो, तो खुशाल बाजूला ठेवा.

‘संयम’ हा गुण मोठाच आहे. पण तुमच्या त्या संध्याकाळी त्याचा अर्थ उरतो तो ‘ओरडायचं नाही’ एवढाच. मग करायचं काय, हे तो सांगत नाही. स्वीडनमध्ये हजाराहून अधिक माणसांच्या नववर्षाच्या संकल्पांचा वर्षभर मागोवा घेतला गेला आणि २०२० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘अमुक करीन’ असं ठरवणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के जणांनी वर्षाअखेरीस संकल्प साधल्याचं सांगितलं. ‘अमुक टाळीन’ म्हणणाऱ्यांत हे प्रमाण ४७ टक्के होतं. इतक्या माणसांमध्ये हा फरक लहान नाही.

म्हणून शब्द निवडताना मी एकच कसोटी लावते. अडचणीच्या क्षणी तो आठवला, तर हाताला किंवा जिभेला काही काम मिळतं का? ‘ऐकणे’ घेऊन बघा. तो आठवला की पर्स खाली ठेवता येते, खुर्चीवर बसता येतं, मुलीचं पहिलं वाक्य पुरं होऊ देता येतं.

आता तो शब्द आरशावर नको. आरशावरची चिठ्ठी चार दिवसांत नजरेला सरावते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘जेव्हा असं होईल, तेव्हा मी असं करीन’ या प्रकारच्या साध्या ठरावांवर बरंच संशोधन केलं आहे. अशा ठरावाचा उपयोग होतो, कारण प्रसंग स्वतःच आठवण करून देतो. तुमचं वाक्य असं असू शकेल : ‘दार उघडल्यावर मुलीने बोलायला सुरुवात केली, की मी आधी बसेन, मग उत्तर देईन.’ हे कागदावर एकदा नीट लिहा आणि एकदा मोठ्याने म्हणा.

आणि ज्या दिवशी अंगात त्राणच नसेल, त्या दिवशी तिला तसं सांगा. ‘दहा मिनिटांनी ऐकते’ म्हणा आणि दहा मिनिटांनी तिने हाक मारायच्या आत तिच्यापाशी जा. हेही ऐकणंच आहे. तुम्ही दिवसभराच्या कामाने थकून येता. त्याबद्दल स्वतःवर रागावू नका.

ताई, माझ्या वहीत आत्मविश्वास, शिस्त, धाडस, कृतज्ञता, एकाग्रता असे कितीतरी शब्द आहेत. एक निवडला की बाकीचे सुटतील असं वाटतं. (वय २४)

तुला ‘तू’ म्हणते. अठराव्या शतकातला अमेरिकी लेखक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन, त्यालाही एक गुण पुरेसा वाटला नव्हता. विशीच्या सुमारास त्याने तेरा गुण लिहून काढले, पण एका आठवड्यात लक्ष एकाच गुणाकडे. छोट्या वहीत वारांचे रकाने आखायचे आणि चुकलं तिथे काळा ठिपका द्यायचा. तेरा आठवड्यांची एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. म्हणजे बाकीचे गुण सुटत नव्हते, त्यांची पाळी यायची होती. तूही एक शब्द तीन महिन्यांसाठी घे.

फ्रँकलिनच्या यादीत आधी बाराच गुण होते. तेरावा, नम्रता, कसा आला ठाऊक आहे? एका मित्राने त्याला स्पष्ट सांगितलं, की लोक तुला गर्विष्ठ समजतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याला हवा असलेला शब्द आपल्या वहीत असतोच असं नाही. तुझ्या रोजच्या सहवासातल्या एखाद्या विश्वासाच्या माणसाला विचार : ‘मी नेहमी कुठे अडते?’ उत्तर ऐकताना मधे बोलू नकोस. मात्र त्याने सुचवलेला शब्द मनाला पटला तरच घे. दुसऱ्याच्या दडपणाखाली किंवा नुसत्या अपराधीपणातून हाती घेतलेलं काम फार काळ तग धरत नाही.

यादीतून ‘आत्मविश्वास’ आत्ताच काढ. कामं करत गेलं की तो मागून येतो. त्याचीच वाट बघत बसलं तर कामं राहतात. शब्द लहानसा, रोजच्या वापरातला असला तरी चालतो. माझा यंदाचा शब्द ‘पूर्ण’ आहे. एखाद्या पत्राचं उत्तर लिहायला घेतलं की शेवटच्या ओळीपर्यंत जायचं, मगच उठायचं. एवढंच त्याचं काम.

मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हीही शब्द निवडा. निवृत्तीनंतर या वयात वाढ कसली? (वय ६८)

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलं आहे, की जुन्या सहकाऱ्यांपैकी कुणाचाच आता फोन येत नाही. तुमचा शब्द मला तिथेच दिसतो : ‘संपर्क’. रविवारी सकाळी एका माणसाला आपणहून फोन करा. काम नसताना करा. वाढ म्हणजे नवीन पदवी किंवा नवीन छंदच असं नाही. आपण आधी हात पुढे करणं, हेही अडुसष्टाव्या वर्षी नव्याने शिकता येतं.

वर्षाच्या मध्यावर शब्द बदलला तर चालेल का? (वय ३५)

चालेल. नवी सुरुवात करायला १ जानेवारीच लागते असं नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की आठवड्याच्या आणि महिन्याच्या सुरुवातीला आणि वाढदिवसानंतरही माणसं व्यायामशाळेकडे अधिक वळतात.

पण पंधरा दिवसांत सोडू नका. लंडनमध्ये ९६ जणांनी प्रत्येकी एक छोटी रोजची सवय लावून घ्यायचा प्रयत्न केला. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यातून निघालं. पण कुणासाठी हा आकडा १८ होता, तर कुणासाठी २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात आढळलं. तेव्हा एका शब्दाला निदान दोन-अडीच महिने द्या. त्यानंतरही बदलावासा वाटला, तर जुना का सोडला ते एका ओळीत लिहून ठेवा. पुढचा शब्द निवडताना ती ओळ आधी वाचा.