वाचक विचारतात : जुना कॅमेरा, नवा रोल

या वेळची बहुतेक पत्रं माळ्यावर सापडलेल्या किंवा जुन्या बाजारातून आणलेल्या रोलच्या कॅमेऱ्यांबद्दल आहेत. रोल महाग आहे आणि धुणाऱ्या लॅब थोड्या. म्हणून शक्य ती प्रत्येक तपासणी रोल भरण्याआधी, रिकाम्या कॅमेऱ्यावर कशी करायची यावर आम्ही भर दिला आहे.

प्रश्न : आजोबांचा आग्फा क्लिक थ्री सापडला. खटका दाबला की शटर वाजतं. आज मिळणारा रोल यात चालेल का? कोणता घ्यावा? – वाचक, सातारा

चालेल. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेल्या या कॅमेऱ्यात १२० नंबरचा रोल बसतो आणि तो आजही मिळतो. एका रोलमध्ये सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो येतात.

आधी मागचं झाकण उघडून आत रिकामं रीळ आहे का ते बघा. १२० चा रोल डबीत नसतो. फिल्म एका रिळावरून सुटून दुसऱ्यावर गुंडाळली जाते आणि मोकळं झालेलं रीळ पुढच्या रोलसाठी वापरायचं असतं. तेच नसेल तर रोल भरताच येणार नाही. अशी रिळं रोल धुणाऱ्या लॅबमध्ये पडून असतात, एखादं मागून घ्या.

मग झाकण उघडंच ठेवून, कॅमेरा उजेडाकडे धरून दहा-बारा वेळा खटका दाबा. दर वेळी उजेड सारखाच लुकलुकायला हवा. पहिल्या दोन-तीन वेळा शटर रेंगाळलं आणि मग सुटलं, तर आत वंगण सुकलेलं आहे. कॅमेरा पडून राहिला की ते पुन्हा अडकणार, म्हणून आधी साफ करून घ्या. वरून तेल मात्र कधीही सोडू नका. ते पात्यांवर पसरतं आणि शटर कायमचं चिकटतं.

आता झाकणावरच्या लाल खिडकीकडे या. ही कल्पना लाल रंग न ‘दिसणाऱ्या’ ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मच्या काळातली. आजच्या बहुतेक फिल्मना लाल दिसतो, त्यामुळे या खिडकीतून येणारा उजेड फिल्मच्या पाठीला असलेल्या कागदावरचे आकडे आणि ठिपके थेट फोटोवर उमटवू शकतो. खिडकीवर काळ्या इन्सुलेशन टेपची पट्टी लावा. रोल पुढे सरकवताना ती उचलायची, तीही अंगाच्या सावलीत, आणि आकडा दिसला की पुन्हा चिकटवायची.

रोल आयएसओ १०० चा घ्या (हा आकडा जितका मोठा, तितका फिल्मला उजेड कमी लागतो). या कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास चालतं आणि अ‍ॅपर्चर (भिंगातलं उजेड आत सोडणारं छिद्र) एफ/११ च्या आसपास असतं. भर उन्हात १०० च्या फिल्मलासुद्धा दोन स्टॉप जास्त उजेड मिळतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). निगेटिव्ह फिल्म तेवढं पचवते. ४०० ची घातली तर तोच जादा उजेड चार स्टॉपवर जातो आणि निगेटिव्ह दाट, दाणेदार येते. पावसाळी आभाळ असेल तर मात्र ४०० च बरी. दहा फुटांच्या आतली माणसं धूसर येतील, तो भिंगाचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. आणि रोल सरकवणं व शटर यांची एकमेकांशी जोडणी नाही. एक फोटो झाला की लगेच रोल सरकवायची सवय लावा, नाहीतर एकावर एक दोन फोटो येतील.

प्रश्न : पेन्टॅक्स के१००० वर काढलेल्या रंगीत रोलवर नारिंगी पट्टे आले. लॅबवाला कॅमेऱ्याचा दोष म्हणतो, विकणारा लॅबचा. – वाचक, पुणे

पट्ट्याचा रंगच उत्तर देतो. भिंगाच्या बाजूने शिरलेला उजेड फिल्मचे सगळे थर जवळजवळ सारखेच जाळतो, म्हणून डाग पांढरट येतो. मागच्या झाकणातून शिरलेला उजेड फिल्मच्या पाठीकडून येतो. तिथून त्याला आधी लाल रंगाचा थर लागतो, म्हणून पट्टा लाल-नारिंगी. तुमच्या कॅमेऱ्याच्या झाकणाच्या खाचेतला, उजेड अडवणारा फोम गेला आहे. लॅबचा यात दोष नाही. कॅमेरा दोन फोटोंच्या मध्ये बराच वेळ उन्हात पडून होता ते फोटो आठवा. पट्टे तिथेच जास्त गडद असतील.

त्या काळचा फोम वयानं डांबरासारखा चिकट होतो. नखाने दाबून बघा, काळं लागलं की समजा वेळ झाली. काम घरी होण्यासारखं आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल, लाकडी टूथपिक, कापूस गुंडाळलेल्या काड्या आणि एक तास हवा. अल्कोहोल काडीवर घ्यायचं, कॅमेऱ्यात ओतायचं नाही. खाचेतला जुना फोम भिजला की टूथपिकने एका दिशेने खरवडत आणा. कॅमेरा असा तिरपा धरा की सुटलेला चुरा बाहेर पडेल, शटरच्या कापडी पडद्यावर नाही. पडद्याला बोट, काडी, कापूस काहीच लागू देऊ नका.

वरच्या आणि खालच्या अरुंद खाचांत काळी लोकर उत्तम बसते. अगदी कमी डिंक लावून ती टूथपिकने दाबत जा. बिजागरीच्या बाजूला मात्र लोकर पुरत नाही आणि सर्वाधिक उजेड तिथूनच शिरतो. तिथे दीड-दोन मिलिमीटर जाडीचा चिकटपट्टीवाला काळा फोम किंवा मखमलीची पट्टी लावा. झाकण सहज बंद व्हायला हवं. दाबून बंद करावं लागत असेल तर थर जाड झाला, काढून पातळ लावा. आरशाच्या वरची फोमची पट्टीही बघा. ती गळाली तर तिचा चुरा फोकसच्या काचेवर पडतो आणि आरसा त्या चिकट्यात अडकतो.

याच कॅमेऱ्याबद्दल एक जोडसूचना : के१००० ला उजेड मोजणारं मीटर बंद करायचं बटण नाही. भिंगावर झाकण ठेवलं नाही तर बॅटरी हळूहळू संपत जाते.

प्रश्न : जुन्या बाजारात यशिका इलेक्ट्रो ३५ आवडला, पण याची बॅटरी आता मिळत नाही म्हणतात. घ्यावा का? – वाचक, नाशिक

मूळची ५.६ व्होल्टची पारा असलेली बॅटरी बंद झाली, हे खरं. पण सहा व्होल्टची ४एलआर४४ चालते. ती बारीक आणि आखूड आहे, म्हणून भोवती कागदाची गुंडाळी करा आणि उरलेल्या सुमारे दोन सेंटिमीटर लांबीत स्प्रिंग बसवा. विकत घ्यायला जाताना एवढं सामान खिशात असू द्या. बॅटरी घालून तपासणीचं बटण दाबा, हिरवा दिवा लागला पाहिजे. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरी पूड असेल तर व्हिनेगरच्या काडीने ती निघते, पण तारेपर्यंत गंज गेला असेल तर दिवा लागणार नाही.

दुसरी तपासणी कानाची. रोल सरकवण्याचा दांडा सावकाश ओढा. शेवटाकडे आतून ‘टक्’ असा एक ठळक आवाज यायला हवा. तो येत नसेल तर आतला छोटा रबरी तुकडा विरघळला आहे आणि कॅमेरा उजेडाचं माप चुकवणार. दुरुस्ती होते, पण वरचा भाग उघडावा लागतो. तेवढी किंमत कमी करून मागा. बॅटरीशिवाय हा कॅमेरा फक्त १/५०० सेकंदाच्या वेगावर चालतो, म्हणून नुसता खटका वाजला यावर भरवसा ठेवू नका.

प्रश्न : शटरचा वेग घरी कसा तपासायचा? – वाचक, कोल्हापूर

मोबाईलच्या स्लो-मोशनने, सेकंदाला २४० फ्रेमवर. मागचं झाकण उघडा, भिंगासमोर उजळ खिडकी ठेवा, मागून चित्रण करा आणि शटर किती फ्रेम उघडं दिसतं ते मोजा. एक सेकंदाला २४० फ्रेम, १/३० ला ८, १/६० ला ४. त्यापुढचे वेग या पद्धतीने नीट कळत नाहीत. १/३० ला ८ ऐवजी १० फ्रेम आल्या तर काही बिघडत नाही, निगेटिव्हवर तो फरक दिसणारही नाही. १६ आल्या म्हणजे पूर्ण एक स्टॉप जास्त. बहुधा सावकाश वेगच बिघडलेले सापडतात, कारण ते चालवणाऱ्या बारीक दातेरी चाकांतलं वंगण आधी सुकतं.

प्रश्न : भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं. आमच्याकडे पावसाळ्यात कपड्यांनाही बुरशी येते. – वाचक, चिपळूण

ती बुरशीच. भिंग कॅमेऱ्यातून काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि पलीकडून तिरपा टॉर्च मारा. कडेला दोन-चार तंतू असतील तर फोटोत काही दिसत नाही. मध्यभागापर्यंत पसरली असेल तर उन्हाकडे तोंड करून काढलेले फोटो फिके, धुरकट येतात. बाहेरच्या काचेवर असेल तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया सम प्रमाणात, मोकळ्या हवेत, कापसाच्या काडीने लावा. आतल्या काचेवर असेल तर कारागिराकडे द्या. पुसल्यावरही जाळ्याची नक्षी राहिली, तर बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला आहे. तो परत येत नाही.

कातडी खोळ आधी बाजूला करा. चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच भिंगावर येते. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. नारिंगी जेल हिरवी झाली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा वापरता येते.

प्रश्न : झोर्की ४ चा वेगाचा चाक फिरवताना अडकला. – वाचक, डोंबिवली

जोर लावू नका. या रशियन कॅमेऱ्यात आधी रोल सरकवायचा, मगच वेग बदलायचा. उलट केलं तर आतल्या खिट्टीवर ताण येतो आणि ती वाकते. आता रोल सरकवायची घुंडी पूर्ण फिरवून बघा. चाक मोकळा झाला तर थोडक्यात निभावलं. नाही झाला तर तसाच कारागिराकडे न्या आणि काय झालं ते त्याला नेमकं सांगा.